लेकरांचे फोटो

मूल रांगायला लागलं की मोबाइल फोटोंनी भरतो, पण मनासारखे फोटो त्यात मोजकेच निघतात. बहुतेकदा गडबड उंचीची असते. आपण उभ्यानं, वरून फोटो काढतो. मग येतं मोठं डोकं आणि आखूड पाय. सरळ जमिनीवर बसा, वेळ पडली तर पालथे झोपा. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर आला की फोटोचा नूरच पालटतो.

मग येतो उजेड. फ्लॅश बंदच ठेवा. त्यानं चेहरा सपाट होतो, डोळे लाल दिसतात. सकाळी खिडकीपाशी मिळणारा मऊ उजेड फुकटचा आहे. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, तेव्हा झाडाखाली चला. धावणारं मूल टिपायला शटरचा वेग साधारण १/५०० सेकंद हवा, आणि त्यासाठीही भरपूर उजेडच लागतो. आधी लेन्स पुसा. तिच्यावर बहुधा आपल्याच बोटांचं तेल असतं!

‘इकडे बघ, हस ना’ हा धोशा मात्र सोडा. त्यानं नुसते दात दिसतात. वरणभात कालवणारं, भोवरा फिरवणारं मूल तुमच्याकडे न बघताच छान दिसतं.

आणि एक विनंती. अंघोळीचे किंवा शाळेचं नाव दिसणारे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. त्यापेक्षा चार चांगले छापून आजी-आजोबांना पाठवा.