मलमाची नोंद, रुग्णाचे रक्षण



नांदगाव खंडेश्वर परिसरात गजकर्णावर दुकानातून परस्पर मलम आणून लावले जाते. कधी त्या मलमानेच त्वचा लाल होते, फोड येतात. अशा वेळी केसपेपरवर केवळ ‘त्वचारोग’ लिहिल्यास कारण हरवते आणि तेच मलम पुन्हा दिले जाण्याचा धोका राहतो.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० वर्गीकरणानुसार आम्ही संकेतांक नोंदवतो : निओमायसिनसारख्या औषधाच्या ॲलर्जीसाठी एल २३.३, औषधाच्या नुसत्या दाहासाठी एल २४.४, सोबत बाह्योपचाराच्या औषधाचा दुष्परिणाम दर्शविणारा वाय ५६. अशी प्रकरणे २०१० मध्ये सुरू झालेल्या भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाला कळविता येतात.

आपणांस एकच विनंती : तपासणीस येताना मलमाची नळी अवश्य आणावी. तिच्यावरील नावावाचून आमची नोंद अपुरी राहते.