आतले पॅड

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी लोणच्याची कृती सांगते, कोणी विणकामाची. या खेपेस चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुमच्या गाडीची हकीकत सांगा." माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगते. चूकभूल पोटात घालावी.

आमची जुनी मोटार तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. यजमान ती भाड्याने चालवतात आणि तिच्यावरच आमचे घर चालते. गेल्या श्रावणात आपल्यातल्या चौघीजणी मंगळागौरीच्या खेळांसाठी कऱ्हाडला गेल्या, त्या याच गाडीतून. परतताना कुंभार्ली घाटात, ब्रेक दाबला की पुढच्या उजव्या चाकातून करकर आवाज येऊ लागला. जात्यात खडा आल्यासारखा. यजमानांनी गिअर खालचा घेतला आणि बेताबेताने गाडी पोफळीपर्यंत उतरवली. चौघी सुखरूप घरी आल्या. त्यांतल्या दोघी आज समोरच बसल्या आहेत.

आता जे सांगायचे ते त्यांच्यादेखतच सांगते. तो आवाज त्या दिवशी अचानक आला नव्हता. आधीचे आठ दिवस, गाडी गल्लीतून निघताना ब्रेकबरोबर बारीक 'चीं' असे मला ऐकू येत होते. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या डिस्कवर रात्रीतून गंज धरतो आणि दोनचारदा ब्रेक दाबला की तो निघून जातो, एवढे मला ठाऊक होते. पण हा आवाज संध्याकाळी गाडी परत येतानाही असायचा. विचारावे असे मनात आले. मग वाटले, आपल्याला गाडीतले काय कळते? आणि मी गप्प बसले. अजून ते आठवले की पोटात गोळा येतो.

पॅड तसे जुने नव्हते. आठ महिन्यांपूर्वीच एका गॅरेजात नवे घातले होते. महिन्यापूर्वी तिथेच दाखवले, तेव्हा त्यांनी चाक न काढता फटीतून बॅटरी मारली आणि "भरपूर आहेत" म्हणून सांगितले. ते खोटे नव्हते. फटीतून दिसते ते बाहेरचे पॅड!

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मिस्त्रींनी चाक उतरवले. मी बॅटरी धरून शेजारी उभी होते. बाहेरच्या पॅडचा थर 7 मिलिमीटर होता. आतल्याची मात्र नुसती लोखंडी पाटी उरली होती आणि तिने डिस्कवर चरे पाडले होते. आठ दिवसांची ती 'चीं' म्हणजे पॅडला लावलेली लोखंडी पट्टी. पॅड संपत आले की ती डिस्कला घासून इशारा देते.

मी विचारले, "दोन्ही पॅड एकाच दिवशी घातले, मग एकच कसे झिजले?" मिस्त्रींनी समजावले ते असे. डिस्क चाकाबरोबर फिरते आणि कॅलिपर तिला दोन्ही पॅडांच्या चिमट्यात धरतो. आमच्या गाडीत दाब देणारा पिस्टन फक्त आतल्या बाजूला आहे. तो आतले पॅड डिस्कवर दाबतो. मग सबंध कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरचे पॅड ओढून आणतो. पिना गंजल्या की कॅलिपर सरकत नाही. जात्यावर दोघी बसल्या आणि ओढले एकीनेच, तर दमेल कोण?

झिजेवरून दुखणे ओळखता येते, असे ते म्हणाले. थोडा फरक चालतो. आतले फार झिजले, तर पिना अडकल्या असतील किंवा पिस्टन मागे येत नसेल. बाहेरचे फार झिजले, तर ब्रेक सोडल्यावर कॅलिपर मागे सरकत नाही आणि ते पॅड घासत राहते. पाचरीसारखे तिरके झिजले, तर एकच पिन अडकली असेल किंवा पॅड आपल्या खाचेत गंजून बसले असेल. एकाच चाकाचे दोन्ही पॅड लवकर संपले, तर पिस्टन अडकलेला असतो किंवा ब्रेक ऑइलची रबरी नळी आतून बुजलेली असते.

आमच्या पिनेवरचे रबरी बूट फाटून आत पाणी गेले होते. मिस्त्रींनी पिना काढून घासल्या, नवे बूट बसवले आणि ब्रेकसाठीचे खास ग्रीस लावले. साध्या ग्रीसने रबर फुगते. खाचा तारेच्या ब्रशने साफ केल्या. पिस्टन दाबून पाहिला, तो सहज मागे गेला. डिस्क आणि पॅड पुढच्या दोन्ही चाकांचे बदलले, कारण एकीकडेच नवे घातले तर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. गाडी हलवण्याआधी ब्रेक घट्ट लागेपर्यंत पुनःपुन्हा दाबला. नाहीतर पहिला दाब पोकळ जातो. मग चक्कर मारून दोन्ही चाकांजवळ हात नेऊन पाहिले. ऊब सारखी होती. डिस्कला मात्र हात लावू नये, चटका बसतो.

ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी एवढे करावे. पॅड पाहायचे तर चाक काढून आतले पाहावे. थर 3 मिलिमीटरवर आला की बदलावे, आणि बदलताना पिना साफ केल्या का ते विचारावे. मुलाच्या चपलेची एकच कड झिजत असेल, तर चांभाराकडून नवा तळ मारून भागत नाही. मूल पाय कसे टाकते ते पाहावे लागते. इथेही तसेच आहे.

मिस्त्रींना मी विचारले तेव्हा ते हसले नाहीत. हसले असते तरी काय बिघडले असते? आता आवाज आला की मी दारातूनच हाक मारते आणि यजमान गाडी थांबवतात.