वजने उचलणाऱ्यांसाठी ताणाचे व्यायाम
वर्षानुवर्षे वजने उचलणाऱ्याचे अंग आखडते, त्याला बहुधा अर्धवट हालचाली कारणीभूत असतात. बैठक पूर्ण खाली नेली, तर वजनांनीही लवचिकता वाढते. म्हणून दिनक्रम ठरवण्याआधी आखडलेला सांधा शोधावा. टाचा न उचलता उकिडवे बसता येत नसेल, तर घोटा आणि पोटरी. हात कानांजवळून सरळ वर जात नसतील, तर खांदा आणि छाती. सरसकट सगळे अंग ताणण्यात वेळच जातो.

व्यायामाआधी पाय झुलवणे, हात फिरवणे अशा हलत्या क्रिया कराव्यात. स्थिर ताण नंतर, अंग गरम असताना द्यावा: प्रत्येक स्नायूला साधारण ३० सेकंद, दोनदा, आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस. हिसका देऊ नये. ओढ जाणवावी, कळ येऊ नये.

ताकद आणि लवचिकता एकत्र नांदवणारा मल्लखांब मुळात पैलवानांचाच पूरक व्यायाम. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभटदादा देवधरांना तो वणीजवळच्या सप्तशृंग गडावर माकडांच्या कसरती पाहून सुचला, अशी आख्यायिका आहे. मात्र ताठरलेल्या खांद्यांनी थेट खांबावर चढू नये. आधी काही महिने ताणाचे व्यायाम करावेत, मग वस्तादांच्या देखरेखीखाली साध्या पकडींपासून सुरुवात करावी.