चंचल बालकाचा वारसा



 परिषदेच्या अध्यक्षाने आपल्या शास्त्राच्या सर्व प्रांतांचा आढावा घ्यावा अशी प्रथा असली, तरी आज ती बाजूस ठेवून अवधानन्यूनता व अतिचंचलता या बालविकाराच्या आनुवंशिक कारणांविषयीच बोलण्याची अनुज्ञा मी मागतो. कारण या प्रश्नावरील संशोधन गेल्या काही दशकांत जितके पुढे गेले, तितके ते त्या मुलाला बोटाशी धरून आपल्या दवाखान्यात येणाऱ्या आईच्या कानापर्यंत पोहोचलेले नाही. ती येते तेव्हा तिच्याविरुद्धचा फैसला बहुधा आधीच झालेला असतो. सासरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि पुष्कळदा वर्गशिक्षकांनीही तिला बजावलेले असते की, मुलाला वळण लावले नाही, लाड फाजील केले, त्याचे हे फळ आहे.

1902 साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल यांनी जी व्याख्याने दिली, त्यांत बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन आहे. त्यांनी या अवस्थेस नैतिक संयमाचा दोष मानले. ती भाषा आज आपण टाकून दिली आहे, तिच्यातील दूषण मात्र समाजाने अद्याप टाकलेले नाही. पुढे एकबीज आणि द्विबीज जुळ्यांची तुलना करणारे अभ्यास अनेक देशांत झाले. अशा 37 अभ्यासांचा एकत्र विचार करणाऱ्या 2019 सालच्या समालोचनात या विकाराची आनुवंशिकता सरासरी 74 टक्के दिली आहे. बालमनोविकारांत इतका मोठा आकडा क्वचितच आढळतो, आणि म्हणूनच त्याचा अर्थ सांगताना आपण फार सावध असले पाहिजे. एखाद्या मुलाच्या चंचलतेपैकी तीन चतुर्थांश भाग रक्तातून आला आणि उरलेला घरातून, असा तो हिशेब नव्हे. एका विशिष्ट समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातील किती वाटा जनुकांच्या फरकाशी निगडित आहे, एवढेच तो सांगतो. समोर बसलेल्या एका मुलाविषयी तो काहीच सांगत नाही.

ती जनुके कोणती, याचा शोध 1990 नंतरच्या दशकात मोठ्या उमेदीने सुरू झाला. डोपामिनचे वहन करणारे आणि त्याला प्रतिसाद देणारे अशा दोन जनुकांवर तेव्हा सर्वांची दृष्टी खिळली होती, आणि चंचलतेचे जनुक हाती लागले असे वृत्तपत्रांच्या वाचकांस वाटले असल्यास नवल नाही. परंतु 2019 साली वीस हजारांहून अधिक रुग्ण आणि पस्तीस हजार इतर व्यक्ती यांच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा निश्चित ठरलेल्या 12 स्थानांच्या यादीत त्या दोघांपैकी एकही नव्हते. 2023 साली रुग्णसंख्या अडतीस हजारांपलीकडे गेली आणि स्थाने 27 झाली. यातील प्रत्येक स्थानाचा परिणाम अत्यंत अल्प आहे. सर्वांस आढळणारे असे सहस्रावधी सूक्ष्म भेद, काही मुलांत गुणसूत्राचा एखादा तुकडा गळाल्याने अथवा दुप्पट झाल्याने घडणारे विरळ बदल, आणि त्यांच्या जोडीला अकाली जन्म, जन्मवेळचे अल्प वजन यांसारखी कारणे, यांच्या संयोगातून हा विकार उभा राहतो. तेव्हा रक्ताच्या वा लाळेच्या तपासणीवरून एखाद्या मुलास हा विकार आहे किंवा नाही हे ठरवून देण्याची हमी कोणी देत असेल, तर आपण कोणत्याही पालकास तिची शिफारस करू नये, असे मी आग्रहपूर्वक सांगतो.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा विषय निवडला, त्याकडे येतो. घरात सतत रागावणे आणि मारझोड असते म्हणून मूल असे झाले, असा निष्कर्ष पूर्वीच्या निरीक्षणांवरून सहज काढला जाई. परंतु जन्मदात्या आईबापांकडे वाढणाऱ्या मुलात वारसा आणि संगोपन एकाच हातून येतात, त्यामुळे कारण कोणते आणि कार्य कोणते हे वेगळे करता येत नाही. दत्तक मुलांच्या अभ्यासात ते येते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात असे दिसले की, जन्मदात्या आईत या विकाराची लक्षणे असली तर मूल अधिक उतावळे निघते, आणि ज्या दत्तक आईशी त्याचे रक्ताचे काहीच नाते नाही, तिच्याही वागण्यात त्या उतावळेपणापायी कठोरपणा येतो. म्हणजे आईचा संताप हा पुष्कळ अंशी मुलाच्या प्रकृतीला दिलेला प्रतिसाद आहे, तिचे मूळ नव्हे. हा खुलासा त्या माउलीस करणे हे औषधयोजनेइतकेच आपले कर्तव्य आहे, असे मी मानतो.

मात्र येथे एक धोका आहे. आपल्याकडे मूल कुणावर गेले हे ठरविण्याची घराघरांत मोठी हौस; आईवरचा संगोपनाचा ठपका पुसताच तोच ठपका आजोळच्या रक्तावर ठेवला जाण्यास विलंब लागत नाही. म्हणून दोन्ही कुळांची हकीकत आईवडील दोघांना समोर बसवून, सारख्याच आस्थेने, विचारली पाहिजे. आनुवंशिक म्हणजे अटळ, हा समजही त्याच बैठकीत दूर करावा. फेनिलकीटोन्युरिया हा विकार एकाच जनुकाच्या दोषातून उद्भवतो, तरीही 1950 नंतरच्या दशकात योजलेल्या विशिष्ट आहाराने त्या मुलांची बुद्धी वाचू लागली. चंचल मुलाचा वारसा त्याहून कितीतरी गुंतागुंतीचा आहे, आणि औषध, पालकांचे प्रशिक्षण व वर्गातील सवलती यांचा उपयोग त्यास निश्चित होतो.

पालकांचे प्रशिक्षण फसते तेव्हा त्याचे कारण कित्येकदा असे असते की, वडिलांना किंवा आईला स्वतःलाच तोच विकार आहे, आणि त्याची दखल कोणी कधी घेतलेली नाही. अशा पालकास आपण आठ सूचना तोंडी देतो आणि त्यांतील दोनही घरी पोहोचत नाहीत. पुढच्या भेटीत आपण त्यास निष्काळजी ठरवून मोकळे होतो. त्यास सूचना थोड्या आणि लेखी द्याव्यात, आणि आवश्यक तेथे त्याच्याही उपचाराची व्यवस्था व्हावी.

शेवटी एक विनंती. वर उल्लेखिलेल्या मोठ्या तुलनांतील व्यक्ती बहुतांशी युरोपीय वंशाच्या आहेत. त्यांचे निष्कर्ष आपल्या मुलांस जसेच्या तसे लागू पडतील असे गृहीत धरणे शास्त्राला सोडून होईल. आपणांपैकी प्रत्येकाच्या दप्तरात अशा कुटुंबांची कैफियत पडून आहे, पण ती एका पद्धतीने लिहिलेली नाही. तेव्हा या परिषदेने उठण्यापूर्वी कुटुंबाच्या नोंदीचा एकच मराठी नमुना मंजूर करावा, पालकांच्या संमतीवाचून त्यात काहीही भरले जाऊ नये असा नियम त्यासोबत करावा, आणि त्या नमुन्यात मुलाच्या वर्तनाच्या प्रश्नांआधी आईवडिलांच्या स्वतःच्या शालेय दिवसांविषयीचे प्रश्न घालावेत, असा प्रस्ताव मी आपणांपुढे ठेवतो.