विचारायचं राहिलं, ते शिकवताना

मी डॉक्टर आहे. सध्या इथे, एचएसआर लेआउटमधल्या एका लहानशा ऑफिसात बसून वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन धडे तयार करतो. पण माझी गोष्ट सुरू होते महाराष्ट्रातल्या एका ग्रामीण रुग्णालयात.

मी इंटर्न होतो. रात्री साठीच्या एक आजी आल्या. “पोटात आग पडलीय बाळा, जीव घाबरा होतोय.” मी ॲसिडिटीचं इंजेक्शन लिहिलं. शेजारच्या सिस्टर हळूच म्हणाल्या, “डॉक्टर, आजींना शुगर आहे. ईसीजी काढू का?”

काढला. हार्ट अटॅक होता. वेळेत पुढे पाठवलं, म्हणून आजी वाचल्या.

मधुमेह असेल तर छातीत न दुखताही हार्ट अटॅक येऊ शकतो, हे मला माहीत होतं. परीक्षेत मी ते बरोबर सोडवलंही होतं. कारण प्रश्नपत्रिकेत ‘६० वर्षांची मधुमेही स्त्री’ असं आयतं छापलेलं असतं. वॉर्डात ते आपण विचारावं लागतं. मी विचारलंच नव्हतं.

गंमत बघा, पहिला ऑनलाइन धडा केला तेव्हा मीही तेच केलं. व्हिडिओ, खाली चार पर्याय. उत्तर चुकलं की तोच व्हिडिओ पुन्हा. वर विद्यार्थ्याचं नाव झळकायचं, आणि याला आम्ही ‘पर्सनलाइज्ड’ म्हणायचो!

आता आमच्या स्क्रीनवर आजी येतात आणि एवढंच म्हणतात, “पोटात आग पडलीय.” बाकी सगळं विद्यार्थ्यानं विचारायचं. घड्याळ चालू असतं, कारण अशा रुग्णाचा ईसीजी १० मिनिटांत व्हायला हवा. निदान लिहिण्याआधी आणखी एक प्रश्न: तुम्हाला खात्री किती?

समजा, दोघांनी ‘ॲसिडिटी’ लिहिलं. एकीनं शुगरचं विचारलं होतं, पण त्याचा अर्थ तिला माहीत नव्हता. तिला धडा हवा. दुसऱ्याला अर्थ माहीत होता, पण माझ्यासारखं त्यानं विचारलंच नाही. त्याला व्हिडिओ दाखवून काय उपयोग? त्याला नवा रुग्ण हवा, धाप लागलेला, जिथे विचारल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. उत्तर एकच चुकलं, पण औषध वेगळं. आणि पूर्ण खात्रीनं चुकलेल्याकडे आम्ही आधी धावतो, कारण तो कुणाला विचारायला थांबणार नाही.

काही दिवसांनी तोच मुद्दा दुसऱ्या रुग्णाच्या रूपात परत येतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवडाभरानं मात्र, मधे स्वतः आठवून लिहिलेल्यांना जास्त आठवत होतं.

आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमताधारित झाला. म्हणजे विद्यार्थ्याला काय माहीत आहे, यासोबत त्याला काय करता येतं हेही बघायचं. स्क्रीन त्यातलं सगळं शिकवणार नाही. पोटावर हात कसा ठेवायचा, ते खाटेजवळच शिकावं लागतं. पण काय विचारायचं राहिलं, हे स्क्रीन दाखवू शकते, आणि तिथं चुकलं तर कुणाचा जीव जात नाही.

त्या रात्री माझ्या शेजारी सिस्टर होत्या. प्रत्येक इंटर्नच्या शेजारी त्या असतीलच असं नाही. त्यांचा तो एक प्रश्न मुलांच्या अंगवळणी पडावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.