शेजारधर्म आणि एकाकी मूल

(मंडळाच्या निफाड येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. वधूवरांच्या याद्या, शिष्यवृत्त्या आणि वसतिगृह यांविषयी या व्यासपीठावरून दरवर्षी पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच होय. परंतु मी आज ज्याविषयी चार शब्द बोलणार आहे, ते आपल्या कोणत्याही ठरावात आजवर आलेले नाही. घरात एकटे पडलेले मूल आणि शेजारच्या घरात एकटे पडलेले वृद्ध माणूस, या दोघांचा स्नेह हा माझा विषय आहे.

हा विषय किरकोळ आहे असे ज्यांस वाटेल, त्यांनी कृपा करून १८४१ सालच्या पुण्याकडे दृष्टी टाकावी. जोतीराव फुले यांचा जन्म १८२७ चा. ते अगदी तान्हे असतानाच मातोश्री चिमणाबाई निवर्तल्या आणि सगुणाबाईंनी त्यांचा सांभाळ केला. वडील गोविंदराव यांनी मुलास शाळेत घातले खरे. परंतु माळ्याच्या पोराला विद्या घेऊन काय करावयाचे आहे, असे कोणी त्यांच्या कानी घातले आणि शाळा सुटली. हाती पाटीऐवजी खुरपे आले. १८४० साली लग्नही झाले. दिवसा मळ्यात राबावे आणि रात्री दिव्याच्या उजेडात पुस्तक धरावे, असा त्या मुलाचा क्रम होता, असे चरित्रकार सांगतात.

ही गोष्ट पाहिली कोणी? भाऊबंदांनी नव्हे, तर शेजाऱ्यांनी. उर्दू-फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि लिजिट नावाचे एक ख्रिस्ती गृहस्थ हे ते शेजारी. एक मुसलमान, दुसरा ख्रिस्ती. फुल्यांशी त्यांचे ना रक्ताचे नाते, ना जातीचे. परंतु या मुलाची बुद्धी वाया जात आहे हे त्यांच्या ध्यानात आले, आणि ते गोविंदरावांकडे जाऊन बोलले. १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुनश्च दाखल झाले आणि १८४७ पर्यंत तेथे शिकले. पुढच्याच वर्षी, १८४८ साली, भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. १८८२ साली त्यांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. ज्याची स्वतःची शाळा एकदा सुटली होती, त्याच्या तोंडी ती मागणी केवढी वजनदार होती!

योगायोग असा की, जोतीरावांची शाळा पुन्हा सुरू झाली त्याच्या पुढच्या वर्षी, १८ जानेवारी १८४२ रोजी, आपल्या या निफाडात महादेव गोविंद रानडे जन्मले. पुढे १८७५ साली पुण्यात स्वामी दयानंदांची मिरवणूक निघाली, तेव्हा विरोधकांच्या दंग्याची पर्वा न करता रानडे आणि फुले हे दोघेही तीत सहभागी झाले होते. रानड्यांच्या नावाचा आपणांस सार्थ अभिमान आहे. परंतु दुसरा पुरुष तेथवर पोचला, त्यास दोन शेजाऱ्यांचा शब्द कारणीभूत झाला, हे विसरता कामा नये.

मिळालेला शेजारधर्म जोतीरावांनी व्याजासह परत केला. १८६३ साली त्यांनी व सावित्रीबाईंनी फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास दत्तक घेतले. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी एका आजारी मुलास पाठीवर घेऊन यशवंतांच्या दवाखान्यात आणले, त्या शुश्रूषेत त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्च रोजी त्या निवर्तल्या. तेव्हा त्यांचे वय सहासष्ट होते. सभागृहात बसलेल्या माझ्या वयाच्या मंडळींनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आता आपल्या गावाकडे वळू. आपला तालुका द्राक्षांचा, कांद्याचा आणि उसाचा. ऑक्टोबरची छाटणी आली आणि पुढे काढणी सुरू झाली, म्हणजे मळ्यातील घरांत दिवसभर कोणी नसते. मूल शाळेतून येते, ओट्यावर दप्तर टाकते आणि हाती मोबाइल घेऊन बसते. दोन घरे पलीकडे एखादे आजोबा बाजेवर बसून रस्ता पाहत असतात. त्यांचा मुलगा नाशकास, पुण्यास किंवा परदेशी असतो. पेठ-सुरगाण्याकडून मजुरीस आलेल्या कुटुंबांची मुले तर बागेच्या बांधावर दिवस काढतात. दोन्ही घरांत अन्नाची वाण नाही. वाण आहे ती ऐकून घेणाऱ्या माणसाची.

माझ्या शिक्षकीच्या काळातील एक उदाहरण सांगतो. सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. आईबाप नव्हते, चुलत्याकडे राहत असे. वाचावयास उभे केले की मुका होई. कारण एक अक्षर चुकले की वर्ग हसे. त्याच्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले, निराळ्या जातीचे एक वृद्ध गृहस्थ एकटेच राहत. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी एके दिवशी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवावयास बोलावले. मुलगा अडखळे, परंतु आजोबांना अक्षर दिसत नसल्यामुळे ते चूक काढू शकत नसत, ते फक्त “पुढे काय झाले रे बाळा?” असे विचारीत. मुलास आयुष्यात प्रथमच असा श्रोता लाभला की ज्याला त्याच्या वाचनाची गरज होती. त्याच्या मोबदल्यात आजोबा त्याला गाड्यांच्या वेळा, सिग्नलची भाषा आणि भुसावळपर्यंतच्या स्टेशनांची नावे शिकवीत. दिवाळीनंतर तो मुलगा वर्गात उभा राहून धडा वाचू लागला.

परंतु चुलत्यास ते रुचले नाही. “परक्याच्या घरी आमचे पोर काय म्हणून जाते? लोक काय म्हणतील?” असे तो म्हणू लागला आणि जाणे बंद झाले. मी त्याच्या घरी गेलो. त्याला म्हटले, “दादा, ओसरीवर, चार माणसांच्या देखत बसू द्या. तुम्हीही मधून मधून जात जा.” तीन फेऱ्या झाल्या, तेव्हा रोज एक तासाची परवानगी मिळाली. आजोबा आज हयात नाहीत. मुलगा एका शीतगृहात हिशेब पाहतो आणि सुट्टीच्या दिवशी गल्लीतील दोन मुलांना वाचावयास बसवितो.

बंधूंनो, चुलत्याचा तो प्रश्न आपणां सर्वांचा आहे. ज्ञातिमंडळे निघाली ती आपल्यांतील दुबळ्यांना हात द्यावा म्हणून. हा हेतू पवित्रच आहे. परंतु मुलास जवळ असतो तो शेजारी, आणि शेजारी काही जात पाहून मिळत नाही. गोविंदरावांनी मुन्शींची जात-धर्म पाहून त्यांचा शब्द झिडकारला असता, तर नुकसान कोणाचे झाले असते? मुन्शींचे खचित नव्हे.

म्हणून मी मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, आपल्या कार्यालयाची ओसरी रोज सायंकाळी दोन तास उघडी ठेवावी. ज्या मुलांना घरी कोणी नाही त्यांनी तेथे यावे आणि आपल्यांतील निवृत्त मंडळींनी पाळीपाळीने बसावे. शिकविलेच पाहिजे असे नाही. ऐकले तरी पुरे. दुसरी, मुलाच्या घरच्यांस विचारून आणि सर्वांच्या देखत हे व्हावे, म्हणजे कोणास शंका राहणार नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची ही की, इमारतीच्या पाटीवर आपल्या ज्ञातीचे नाव खुशाल असो. पण त्या ओसरीच्या पायरीवर कोणाचीही जात विचारली जाऊ नये. पेठ-सुरगाण्याच्या मुलांनाही तेथे जागा असावी.

या कार्यास निधी लागणार नाही. लागेल ती एक सतरंजी, एक दिवा आणि आपल्या रिकाम्या वेळेतील थोडी वेळ. पहिल्या आठवड्याची पाळी माझी धरावी, एवढे चिटणीसांनी लिहून घ्यावे.