दुखण्यातून उठलेला माणूस आणि घराचा कारभार



मुंबईच्या किंवा पनवेलच्या इस्पितळातून सुटका होऊन माणूस जेव्हा पाताळगंगेच्या काठी आपट्याला आपल्या घरी परत येतो, तेव्हा त्याच्यापाशी औषधांची यादी असते, पथ्याची यादी असते आणि पुन्हा दाखवावयास येण्याची तारीख असते. परंतु सकाळच्या चहापासून रात्रीच्या अंथरुणापर्यंत जो प्रदीर्घ दिवस रोज त्याच्यापुढे येऊन उभा राहतो, त्याची तजवीज कशी लावावयाची याविषयी त्या कागदांवर बहुधा एक अक्षरही नसते. त्याबद्दल डॉक्टरांना बोल लावण्याचे कारण नाही. त्यांचा अंमल इस्पितळाच्या फाटकापाशी संपतो. तेथून पुढचा कारभार घराचा.

आपली घरे मायाळू आहेत, आणि नेमकी तीच अडचण होऊन बसते. कालपर्यंत ज्याच्या कनवटीला कपाटाची किल्ली होती, वाण्याचा हिशेब ज्याच्या तोंडून पुरा होत होता, शेतावर गडी किती लावावयाचे हे ज्याला विचारल्यावाचून ठरत नव्हते, त्याला आज नारळपाण्याचा पेला हाती देऊन ‘तुम्ही काही करू नका, नुसते पडून राहा’ एवढाच हुकूम मिळतो. पहिले चार-आठ दिवस हे सुख अंगाला मानवते. मग जेवणाला नावे ठेवणे सुरू होते, पंख्याच्या वाऱ्यापासून नातवंडांच्या आवाजापर्यंत प्रत्येक गोष्टीविषयी तक्रार दाखल होऊ लागते, आणि घरची मंडळी एकमेकांत कुजबुजतात की दुखण्याने स्वभाव चिडका झाला. दुखण्याचा त्यात काही अंश असेलही. परंतु माझे निदान असे आहे की या माणसाला कोणतीही पूर्वसूचना न देता घरातून बडतर्फ करण्यात आलेले असते, आणि ते त्याला कळत असते.

आपल्या प्राचीन वैद्यकाला या प्रश्नाची जाण होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत, ते वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. आणि परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग व शुचिता हे चार गुण असावेत अशी अपेक्षा केली आहे. त्याच ग्रंथात पुढे, शोधनचिकित्सेपूर्वी, म्हणजे वांती-रेच देऊन शरीर शुद्ध करण्याआधी, घराची सिद्धता कशी करावी हे सांगताना, वारा बेताचा असलेली खोली, स्वयंपाकी, पाणी, दुभती गाय इत्यादींच्या बरोबरीने गाणे, वाद्य, श्लोक, आख्यायिका, इतिहास आणि पुराणे यांत कुशल असलेली, रोग्याचा कल ओळखणारी माणसेही जवळ ठेवावीत असे सुचवले आहे. करमणुकीची गणना ज्यांनी स्वयंपाकाच्या आणि पाण्याच्या पंक्तीला केली, त्यांचे मला कौतुक वाटते. शोधनानंतरच्या आहाराचाही तेथे क्रम आहे: आधी पातळ पेया, मग दाटसर विलेपी, मग कढणे, आणि असे चढत चढत नेहमीच्या जेवणावर यावयाचे. अन्नाला जी पायरी लागते ती कामालाही लागते, हे मात्र आपण विसरतो.

कामाची ही पायरी कशी चढावी याचा एक नमुना आपल्या शेजारच्या पेण तालुक्यातील गागोद्यात जन्मलेल्या एका पुरुषाने घालून दिला आहे. सन 1938 मध्ये विनोबांची प्रकृती अतिशय ढासळली होती आणि वजन अवघे 88 पौंड उरले होते. हवापालटासाठी थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा सल्ला मिळाला असता ते गेले वर्ध्याजवळच्या पवनार येथे, धाम नदीच्या तीरावरील जमनालाल बजाजांच्या बंगल्यात. आणि जाताना संस्थांच्या साऱ्या चिंता मनातून उतरवून ठेवण्याचा संकल्प त्यांनी केला. तेथे त्यांनी रोज जमीन खणण्यास प्रारंभ केला. आरंभी अगदी थोडी मिनिटे, मध्ये थांबत, मग हळूहळू वाढवीत. आणि काही महिन्यांत वजन 128 पौंडांवर गेले. त्या खोदकामात भरत-राम भेटीचे जुने शिल्पही हाती लागले, हा वरचा लाभ! दुखणेकऱ्याच्या हाती कुदळ द्यावी असा याचा अर्थ कोणी करू नये. छातीची शस्त्रक्रिया झालेल्याला हाड जुळून येईपर्यंत, म्हणजे साधारणतः 6 ते 8 आठवडे, भरली बादलीही उचलू देत नाहीत. लक्षात घ्यावयाचे ते प्रमाण, आणि डोक्यावरचा भार खाली ठेवून हातांना थोडे काम देण्याची ती युक्ती.

हीच गोष्ट पुढे शास्त्र म्हणून मुंबईत शिकवली जाऊ लागली. एलिझाबेथ लुंडी या अमेरिकन बाईंनी विष्णू निंबकरांशी विवाह केला, 1930 मध्ये त्या हिंदुस्थानात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. त्यांनी 1950 मध्ये केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची देशातील पहिली शाळा उघडली. ज्या हालचाली रोग्याकडून नुसता व्यायाम म्हणून कंटाळत होतात, त्याच एखादी उपयोगी वस्तू घडवताना त्याच्याकडून सहज आणि अधिक वेळ होतात, हे या उपचारातील मर्म.

आता आपल्या घराकडे वळू. रायगड जिल्ह्यात ज्या घरी कडव्या वालांचे बिरडे होते, तेथे व्यवसायोपचाराची सामग्री फडताळातच आहे. भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेले वाल कोमट पाण्यात टाकून एकेक सोलावयाचे, हे काम बसून होते, मध्येच सोडता येते, अर्धांगातून सावरणाऱ्या बोटांच्या चिमटीला त्याने चांगला व्यायाम मिळतो, आणि मुख्य म्हणजे ते झाले नाही तर दुपारच्या पानात बिरडे पडत नाही. ही शेवटची अट मी फार महत्त्वाची मानतो. मन रमावे म्हणून रचलेले खोटे काम प्रौढ माणसाला ताबडतोब ओळखू येते, आणि त्यात त्याला अपमान वाटतो. पहिल्या दिवशी वाटीभर, पुढे पातेलेभर. ज्याला तेही झेपत नाही त्याने घरपट्टीच्या पावत्या व सातबाऱ्याचे उतारे सालवार लावावेत, आणि औषधांची नोंदवहीही त्याच्याच हवाली करावी. क्षयाच्या रोग्याच्या बाबतीत तर हे विशेष इष्ट. कारण औषधे सामान्यतः 6 महिने घ्यावयाची असतात आणि बरे मात्र काही आठवड्यांतच वाटू लागते, तेव्हा मध्येच गोळ्या सोडण्याचा मोह त्याच वहीने आवरतो. फिरण्यालाही असेच टप्पे असावेत: प्रथम ओटी, मग आळीचे टोक, आणि डॉक्टरांनी मुभा दिली की आपट्याचे रेल्वे स्थानक. तेथे एका चित्रपटातील नायिकेला धावत्या गाडीमागे पळावे लागले होते; आपल्या माणसाने बाकावर बसून गाडी जाताना पाहिली तरी पुष्कळ झाले.

घरातली बाई दुखण्यातून उठते तेव्हा मात्र हा सगळा विचार उलटा करावा लागतो. पुरुषाला काम मिळत नाही, आणि तिला ज्या दिवशी चुलीपाशी उभे राहता येते त्याच दिवशी अख्खा संसार परत मिळतो. ‘तिला बसवतच नाही’ असे कौतुकाने सांगणाऱ्या घरांविषयी मला संशय येतो. तिच्याकडून पाणी भरणे, वाकणे, धुणे काढून घ्यावे. वर्षाच्या लोणच्यात मीठ किती आणि मोहरी किती, हा अधिकार मात्र तिचाच ठेवावा, आणि मीठ तिच्या सांगण्याप्रमाणे दुसऱ्याने घालावे.

विचारपूस करावयास येणाऱ्यांविषयी थोडक्यात सांगतो: दहा मिनिटे बसावे, त्याच दुखण्याने दगावलेल्या आपल्या मेहुण्याची कैफियत सांगू नये, आणि जमल्यास तासभर दुखणेकऱ्यापाशी थांबून सेवा करणाऱ्या सुनेला किंवा मुलाला झोपावयास पाठवावे. फळांच्या पिशवीपेक्षा ती भेट मोठी.

इतके सगळे यथास्थित चालले असता एके दिवशी असे होते की दुखणेकरी वाल सोलावयास साफ नकार देतो, पायात चपला अडकवतो आणि शेताच्या बांधाकडे, कोणास न विचारता, चालू लागतो. त्या वेळी त्याच्यामागे तगादा लावू नये. उरलेले वाल दुसऱ्या कोणी तरी सोलून घ्यावेत.